वाईट म्हणजे चांगल्याचं नसणं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण दर रविवारी संध्याकाळी नागपुरात धरमपेठेत एकाकडे जमतो आणि काहीतरी जड वाचतो. मागचे चार महिने एकच विषय चालू आहे, वाईट ही स्वतंत्र गोष्ट आहे की चांगल्याची उणीव. कुठेही विषय निघाला, घरी, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी तत्त्वज्ञान शिकवत नाही, बँकेत नोकरी करते. पण हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, आईच्या डोळ्यातून आला, ते पुढे येईलच.

थोडक्यात सांगा, म्हणणं काय आहे?

म्हणणं असं की वाईट नावाचा कुठला वेगळा पदार्थ किंवा शक्ती जगात नाही. जिथे जे चांगलं असायला हवं होतं ते नाही, त्या नसण्यालाच आपण वाईट म्हणतो. यातलं "असायला हवं होतं" एवढंच काढून टाकलं की सगळा विचार कोसळतो, आणि लोक नेमकं तेवढंच विसरतात.

चहात मीठ नाही म्हणून आजवर कोणी कप परत केला नाही. वरणात मीठ नाही तर पहिल्या घासालाच कळतं. मीठ दोन्हीकडे नाही, पण चहात तो नुसता अभाव आहे आणि वरणात ती उणीव आहे. मराठीत हे दोन शब्द आपल्याला आयते मिळालेत, म्हणून मी पुढे तसेच वापरणार. अभाव म्हणजे नुसतं नसणं, उणीव म्हणजे हवं ते नसणं.

अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात हाच फरक दातांवरून सांगितलाय. ज्याला दात नाहीत त्या प्रत्येकाला बोळकं म्हणत नाहीत, ज्याला त्या वयात दात असायला पाहिजेत आणि नाहीत त्यालाच म्हणतात. नुकत्या जन्मलेल्या बाळाला दात नाहीत यात काय वाईट आहे? काहीच नाही. दगडाला दिसत नाही, तरी दगड आंधळा नाही.

म्हणजे वाईट नाहीच असं म्हणायचंय का तुम्हाला?

नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा रागाने येतो, आणि राग बरोबरच आहे कारण ज्याच्यावर बेतलंय त्याला "ते मुळात नाहीच" असं सांगणं म्हणजे क्रूरपणा आहे.

इथे आपल्या नैयायिकांकडे, म्हणजे न्याय या जुन्या भारतीय तर्कपरंपरेतल्या पंडितांकडे, जाऊन यावं लागतं. त्यांच्या जवळच्याच परंपरेतल्या कणादाच्या वैशेषिक सूत्रांत पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचे मूळ प्रकार, सहा मोजलेत, पण नंतरच्या न्याय-वैशेषिकांनी सातवा धरला, अभाव. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने तर्कसंग्रह लिहिला, आजही संस्कृतवाले न्याय शिकायला सुरुवात त्यानेच करतात, त्यात हे सात पदार्थ ओळीने दिलेत. म्हणजे नसणं हेसुद्धा जगातल्या मोजण्याच्या गोष्टींपैकी एक आहे. आणि त्याचे चार प्रकार केलेत. मडकं घडायच्या आधीचं त्याचं नसणं तो प्रागभाव, त्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. मडकं फुटल्यावरचं नसणं तो प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात आहे पण शेवट नाही. मडकं म्हणजे कापड नाही हा अन्योन्याभाव. आणि वाऱ्याला रंग नाही, कधी नव्हता, कधी नसेल, तो अत्यंताभाव. शिवाय प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव तो अनुयोगी. नुसता "अभाव" म्हणून सोडता येत नाही, कशाचा आणि कुठे हे सांगावंच लागतं. मला ही शिस्त फार आवडते. आता हे खरं की नैयायिकांनी हे सगळं ज्ञान आणि तर्कासाठी केलं, पाप-पुण्याचा उलगडा करायला नाही, जोड मी लावतेय.

आता आईचं सांगते. तिला काचबिंदू झाला आणि डाव्या डोळ्याची नजर गेली. मी तिला एकदा विचारलं की त्या डोळ्याने काळं दिसतं का. ती म्हणाली, "काळं नाही दिसत गं, काहीच नाही दिसत. तुला पाठीमागचं कसं दिसते? काळं दिसते का? तसंच आहे ते." मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले. अंधारसुद्धा नाही तिथे. आणि तरी त्या नसण्यामुळे ती दाराच्या चौकटीला खांदा आपटते, वाटीत वाढताना आमटी बाहेर सांडते, रस्त्यावर डावीकडून आलेली स्कूटर तिला अंगावर येईपर्यंत कळत नाही. तेव्हा उणीव म्हणजे काहीच नाही असं म्हणणाऱ्याने आमच्या घरी एक दिवस राहून बघावं.

हे मूळ कोणी म्हटलं?

बीज ग्रीकांचं. तिसऱ्या शतकात प्लॉटिनसने वाईटाला चांगल्याचा अभाव म्हटलं, पण त्याने ते जड द्रव्याला नेऊन चिकटवलं. खरी बांधणी ऑगस्टीनची, इसवी सन ३५४ ते ४३०, आजच्या अल्जेरियातला ख्रिस्ती धर्मगुरू. नंतर मुसलमानांत इब्न सीना, यहुद्यांत मायमोनिडिस, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस, असं तीन धर्मांतून हे फिरलं.

ऑगस्टीनचं का महत्त्वाचं ते सांगते. तो तरुणपणी नऊ-एक वर्षं मानी नावाच्या धर्मोपदेशकाच्या पंथात होता. मानीचं शिकवणं असं की जगात दोन राज्यं आहेत, एक उजेडाचं आणि एक अंधाराचं, दोन्ही खरी, दोन्ही आपापल्या जागी बलवान, आणि त्यांची सरमिसळ होऊन हे जग झालं. यात एक सोय होती. ऑगस्टीन स्वतःच लिहितो की पाप मी करत नाही, माझ्यातलं दुसरंच काहीतरी करतं, असं मानायला त्याला बरं वाटायचं. वाईट ही वेगळी वस्तू मानली की हात झटकता येतात, "माझ्या अंगात आलं होतं" म्हणता येतं. उणीव मानली की ती माझी उणीव होते, मला बाहेर पडायला दार राहत नाही. लोकांना वाटतं हा विचार वाईटाला हलकं करतो. ऑगस्टीनला त्याने उलट जास्त अडकवलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आइनस्टाइनचा किस्सा येतो, थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, तसंच वाईट. तो खरा का?

नाही. आइनस्टाइनच्या आयुष्यात असं काही घडल्याचा कुठेही पुरावा नाही, कृपया फॉरवर्ड करू नका.

किस्सा खोटा असला तरी उदाहरण अर्धं बरोबर आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर गेला की आपण म्हणतो कूलर थंडी फेकून राहिला, खरं तर कूलर थंडी बनवत नाही, ओल्या खसमधून हवा जाते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते, उरतं त्याला आपण थंड म्हणतो. इथपर्यंत ठीक. पण थंडी म्हणजे उष्णतेची उणीव नाही, नुसतं कमी असणं आहे. डिसेंबरात पहाटे फुटाळा तलावावर गार वाटतं त्यात वाईट काय आहे? "असायला हवं होतं" हे त्या किश्शात कुठेच नाही, म्हणून तो नैतिक गोष्टीला लागूच होत नाही.

आणि गंमत म्हणजे अंधार हा उजेडाचा अभाव आहे की नाही यावर आपल्याकडे फार जुनं भांडण आहे. न्यायवाले म्हणाले, अंधार म्हणजे तेजाचा अभाव, बास. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, नाही, अंधार काळा दिसतो, हलताना दिसतो, रंग आणि हालचाल ज्याला आहे ते द्रव्यच. न्यायवाल्यांचं उत्तर असं की हलतो तो दिवा, अंधार हलल्याचा भास होतो. मला न्यायवाल्यांचं पटतं.

जास्त झाल्यामुळे पण वाईट होतं ना? तिथे कशाचा अभाव?

बरोबर पकडलंत. वरण खारट झालं तर त्यात काही कमी नाही, उलट जास्तच आहे.

ऑगस्टीनचं उत्तर असं की प्रत्येक चांगल्या गोष्टीत तीन गोष्टी असतात, माप, रूप आणि क्रम, आणि वाईट म्हणजे या तिघांपैकी काहीतरी बिघडणं किंवा जाणं. खारट वरणात मीठ जास्त आहे पण माप गेलंय. शब्दांचा खेळ वाटतो ना? मलाही वाटला होता.

मग २३ सप्टेंबर २०२३ आठवा. रात्रीतून काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी घरात आलं. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी फ्रिज तरंगत होता, धान्याची कोठी, मुलांची पुस्तकं, सगळं गाळात. आता पाणी वाईट का? त्याच पाण्याची आपण जूनभर वाट बघतो. पाऊस वाईट का? तोही नाही. त्या पहाटे जे नव्हतं ते म्हणजे पाण्याला जायला पुरेशी वाट, आणि झोपलेल्या माणसाला वेळेवर कोणी उठवणं. "पाणी जास्त झालं" म्हटलं की आपण आभाळाकडे बघतो. "वाट नव्हती" म्हटलं की खाली बघावं लागतं, नाल्याकडे, पुलाकडे, भिंतीकडे. मला हा फरक शब्दांचा वाटत नाही.

मुद्दाम, ठरवून वाईट करणारे असतात. त्यांच्यात तर ताकद, बुद्धी, प्लॅनिंग सगळं असतं. ती उणीव कशी?

ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री शेजारच्या बागेतली नासपती चोरायला गेला. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, आणि चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. वयाच्या चाळिशीनंतर तो त्यावर पानंच्या पानं लिहितो की मी हे का केलं, चोरीसाठीच चोरी का केली. शेवटी एक गोष्ट सापडते, एकटा असतो तर केली नसती. सोबतीची हौस होती. म्हणजे त्या वाईटातही धरायला एक चांगली गोष्ट होती, दोस्ती, फक्त ती भलत्या जागी ठेवलेली.

त्याचं पुढचं म्हणणं असं की वाईट इच्छेचं कारण शोधू नका, कारण ते काही करणारं कारण नाहीच, ते घसरणं आहे, आणि घसरण्याचं कारण शोधणं म्हणजे अंधार बघायचा किंवा शांतता ऐकायची म्हणण्यासारखं. इथे मी अडते. हे सुंदर आहे, पण उत्तर म्हणून अपुरं वाटतं.

विसाव्या शतकात हॅना आरेन्ट या जर्मन ज्यू विचारवंत बाईने हीच वाट वेगळ्या ठिकाणी धरली. तिची डॉक्टरेट ऑगस्टीनवर होती, १९२९ ची. १९६१ मध्ये जेरुसलेमला नाझी अधिकारी आइखमनचा खटला तिने बसून ऐकला, ज्याने लाखो ज्यूंना मरणाकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था लावली होती. तिला त्याच्यात राक्षस दिसला नाही, दिसली ती विचार करण्याची उणीव, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघता न येणं. नंतरच्या इतिहासकारांनी दाखवलं की आइखमन तेवढा बथ्थड नव्हता, कट्टर द्वेष्टा होता, आणि ते मान्य केलं पाहिजे. पण द्वेष्टा असला तरी त्याचं हिशेब ठेवणं, वेळापत्रक लावणं, झटून काम करणं या सगळ्या गोष्टी त्याच्याजवळ होत्याच, आणि या गोष्टी चांगल्या आहेत, इथेच अंगावर काटा येतो. वाईटाला स्वतःचे हातपाय नाहीत, ते चांगल्याचेच हातपाय वापरतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७६३ मध्ये याच्या विरुद्ध बाजूने एक फार नेमकी गोष्ट सांगितली, ती बँकेत बसणाऱ्या माणसाला लगेच पटते. खिशात पैसे नसणं वेगळं आणि डोक्यावर कर्ज असणं वेगळं. दोन्ही वेळा माणूस कफल्लक दिसतो पण कर्ज ही नुसती शून्यता नाही, ती उलट दिशेला ओढते. द्वेष मला तसा वाटतो, प्रेमाचा अभाव म्हणून भागत नाही. शेजाऱ्याबद्दल मला प्रेम नाही आणि शेजाऱ्याचं वाटोळं व्हावं असं मला वाटतं, या दोन गोष्टी एक नाहीत.

जात ही उणीव आहे का? ती तर चांगली भक्कम उभी व्यवस्था आहे.

हा प्रश्न आमच्यातल्या एका मुलाने विचारला, दीक्षाभूमीजवळच राहतो, आणि त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही, रात्री साडेनऊपर्यंत हेच.

त्याचं म्हणणं असं की जातीत नियम आहेत, शिक्षा आहेत, लग्नं आहेत, जमिनी आहेत, हजारो वर्षांची सवय आहे. याला कोणी भोक कसं म्हणेल? भोक असतं तर बुजवता आलं असतं.

मी महाडचं उदाहरण दिलं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं मान्य केलं, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तिथे जाऊन पाणी प्यायली, त्याआधी कोणाची हिंमत नव्हती. नंतर कोर्टात केस चालली ती १९३७ पर्यंत. तळं होतं, पाणी होतं, ठरावसुद्धा होता. नव्हतं ते काय? माणसाने माणसाला माणूस मानणं. म्हणजे उणीवच ना, असं मी म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, उणीव म्हटलं की वाटते कोणाच्या हातून राहून गेलं. हे राहून गेलेलं नाही, हे हिसकलेलं आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण घरी येऊन शब्द बघितला. ज्याला आपण वंचित म्हणतो तो संस्कृतातल्या वंच् या धातूवरून आलाय, आणि त्याचा अर्थ फसवणं. वंचित म्हणजे मुळात फसवलेला, ठकवलेला. ज्या लॅटिन शब्दावरून (privatio, उणीव) हा सगळा सिद्धांत निघाला त्याच्या क्रियापदातही लुबाडणं, हिरावून घेणं हा अर्थ आहे. म्हणजे शब्दानेच सांगून ठेवलंय की काही उणिवा आपोआप होत नाहीत, त्यांना करणारा असतो. पुढच्या रविवारी मी त्याला हे सांगितलं. तेव्हापासून आम्ही एक नियम केलाय, उणीव म्हटलं की लगेच विचारायचं, राहून गेलं की हिसकलं? सिद्धांत हे आपणहून विचारत नाही, आणि ही त्याची खरी कमजोरी आहे असं माझं मत झालंय.

दुखण्याचं काय? दाढ दुखते तेव्हा ती आरोग्याचा अभाव म्हणून दुखत नाही, दुखतेच.

हा सगळ्यात भारी आक्षेप आहे.

आईची नजर जायच्या आधी दोन दिवस तिचं डोकं आणि डोळा इतका दुखला की ती भिंतीला कपाळ टेकवून उभी राहायची, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. एका दवाखान्यात पित्त म्हणून गोळ्या दिल्या. डोळ्याच्या डॉक्टरांकडे पोचलो तोवर उशीर झाला होता. नजर जाणं ही उणीव, ते मला पूर्ण पटतं. पण त्या दोन रात्रींचं दुखणं कशाचं नसणं होतं? ते तर घरातली सगळ्यात जास्त असलेली गोष्ट होती.

परंपरेचं उत्तर असं आहे की दुखणं स्वतः वाईट नाही, ते वाईटाचं कळणं आहे, आणि कळणं चांगलं असतं. याला पुरावा हवा असेल तर कुष्ठरोग बघा. विदर्भाला हे सांगायला नको, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं आनंदवन आहे. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, चटका लागला तरी कळत नाही, पायाला खिळा लागला तरी माणूस चालत राहतो, आणि जखमा चिघळून बोटं जातात. दुखणं गेलं आणि त्यामुळेच हातपाय गेले. तेव्हा दुखण्याचं काम आहे हे खरं. आईचं दुखणंही ओरडून तेच सांगत होतं, ऐकणारे आम्ही कमी पडलो.

पण निरोप पोचल्यावरही जे दुखत राहतं, कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यातलं, ज्यातून आता कोणाला काहीच नवीन कळणार नाहीये, ते कशाचं कळणं? इथे मला सिद्धांत पुरत नाही. ओढूनताणून पुरवावा असंही वाटत नाही.

मग उलट का म्हणू नये? चांगलं म्हणजे वाईटाचा अभाव.

म्हणणारे आहेत की. शोपेनहॉअरने तेच म्हटलं, दुःख खरं आणि सुख म्हणजे नुसतं त्याचं थांबणं. आपल्या न्यायसूत्रांतही दुःखाला अभाव म्हटलेलं नाही, दुःख हा आत्म्याचा गुण, अधर्म हासुद्धा गुण, आणि मोक्ष म्हणजे काय तर दुःखातून कायमची सुटका. पाली परंपरेत वाईटाची मुळं तीन, लोभ, द्वेष, मोह, आणि चांगल्याची मुळं काय तर अलोभ, अद्वेष, अमोह. अहिंसा हा शब्दच बघा. चांगल्याला "नाही" लावून नाव दिलंय.

शब्दात नकार आहे म्हणून वस्तूत असेलच असं नाही, अद्वेष म्हणजे मैत्री असंच बौद्ध आचार्यांनी सांगितलंय. तरी मला सरळ बाजूच पटते, ती एका साध्या कारणाने. रोगाला शरीर लागतं, आरोग्याला रोग लागत नाही. खोटी पाचशेची नोट खऱ्या नोटेच्या भरवशावर चालते, सगळ्याच खोट्या झाल्या तर खोटीही चालणार नाही.

यावर एकाने संत्र्याची बुरशी काढली. डिसेंबरात पेटी आणली की तळाशी एखादा संत्रा हिरव्या-पांढऱ्या बुरशीने भरलेला निघतो, बोट लावलं की आत जातं. तो म्हणाला, ही बुरशी तर जिवंत आहे, वाढून राहिली, ही अभाव कशी? उत्तर असं की बुरशी बुरशी म्हणून उत्तमच आहे, तिच्यात काही कमी नाही. वाईट झालं ते संत्र्याचं, त्याचा कस गेला. आणि संत्रा पूर्ण संपला की बुरशीही संपते.

मग मारबत कशाला काढायची?

हा प्रश्न नागपूरच्या बाहेर कोणी विचारणार नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती आणि सोबत बडगे, सगळे पुतळेच, यांची मिरवणूक निघते, १८८० च्या दशकापासून चालत आलंय, आणि लोक ओरडतात, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मग गावाबाहेर नेऊन जाळतात. बडग्यांवर त्या त्या वर्षीचं जे सलतंय ते लिहिलेलं असतं, महागाई, भ्रष्टाचार, काहीही.

इथे वाईट ही उचलून नेण्याची वस्तू आहे. ऑगस्टीन एका ठिकाणी विचारतो की जखम बरी झाली की ती जखम कुठे गेली? कुठेच नाही गेली, ती वस्तू नव्हतीच, मांस भरून आलं एवढंच. म्हणजे दोघांचं म्हणणं सरळ विरुद्ध. मी लहानपणी इतवारीत आजीचा हात धरून मारबत बघितलीय, आजी गर्दीत टाचा उंचावून ओरडायची, त्या वर्षी घरात टायफॉइड होऊन गेला होता. तिला मी ऑगस्टीन वाचून दाखवला नसता. जे अंगावर आलंय त्याला नाव द्यावं, तोंड द्यावं आणि सगळ्या गावाने मिळून त्याच्यावर ओरडावं, ही गरज खरी आहे. फक्त मांस भरून यायचं काम जाळून होत नाही.

आणि याच मातीत पसायदानही आहे. "जे खळांची व्यंकटी सांडो" म्हटलंय, खळ नाहीसे होवोत असं नाही म्हटलं. वाकडेपण जावं, माणूस राहावा. आणि लगेच पुढे "तयां सत्कर्मीं रती वाढो", म्हणजे जागा रिकामी ठेवायची नाही, भरायची. ज्ञानेश्वरीचा काळ १२९० चा, ऑगस्टीनचं नाव इथे कोणाला माहीत असण्याचं कारण नाही, तरी इतकं जवळ.

देवाने ही उणीव राहूच का दिली?

याचं उत्तर हा सिद्धांत देत नाही. "देवाने वाईट निर्माण केलं का" एवढ्याचंच देतो, नाही, कारण ते निर्माण करण्याची वस्तूच नाही. "मग आड का नाही आला" हा प्रश्न तसाच राहतो. दोन्ही प्रश्न एक करून कोणी तुम्हाला गप्प करत असेल तर गप्प बसू नका.

ज्याच्या घरी वाईट झालंय त्याला हे सांगावं का?

अजिबात नाही. आईचं झालं तेव्हा एक नातेवाईक येऊन सोफ्यावर बसून म्हणाले, "सगळं पॉझिटिव्ह बघा, निगेटिव्ह असं काही नसतंच." आई काही बोलली नाही. ते बसले होते डाव्या बाजूला, तिला ते दिसतही नव्हते, आवाज तेवढा येत होता, आणि चहाचा कप ठेवायला तिने हात टेबलाच्या कडेच्या बाहेर नेला. मी पकडला.

मग याचा उपयोग काय?

मला तरी एवढा झाला की मी "वाईट का झालं" विचारायचं सोडून "काय नव्हतं" विचारायला लागले. त्या दवाखान्याबद्दल दोन वर्षं मनात नुसता संताप होता, तो कशावर आहे हेच कळत नव्हतं. मग एका रात्री कागद घेऊन बसले आणि नव्हतं ते लिहिलं. डोळ्यावर टॉर्च मारून बघणं नव्हतं. "दिव्याभोवती कडी दिसतात का" हा एक प्रश्न नव्हता. "लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे जा" हे एक वाक्य नव्हतं. आणि माझ्याकडून, रविवार आहे उद्या बघू म्हटलं त्याऐवजी आत्ताच निघू म्हणणं नव्हतं. चार ओळी झाल्या, त्यातली एक माझी.

उजव्या डोळ्यात आता रोज सकाळी आठला आणि रात्री आठला थेंब घालायचे असतात, मधे अंतर चुकवायचं नाही. मोबाइलवर अलार्म आहे. आई जेवायला बसली की म्हणते, डावीकडे तू बस, आणि मी बसते, वाटी जरा उजवीकडे सरकवून ठेवते.